४८ बाय ४० म्हणजे १२०० बाय १००० नव्हे: अमेरिकेच्या मालासाठी मेट्रिक पॅलेट वापरताना

जुलैतला पाऊस, न्हावा शेवाजवळचं एक सीएफएस (बंदराजवळ कंटेनर भरायचं-रिकामं करायचं आवार), चाळीस फुटी कंटेनर आणि एकवीस पॅलेट, म्हणजे माल रचायचे लाकडी पाट. वीस आत गेली, एकविसावं दारात अडकलं. एका रांगेत दहा पॅलेट उभी (लांब बाजू कंटेनरच्या लांबीत) लावायची, शेजारच्या रांगेत अकरा आडवी, ही आमची नेहमीची मांडणी. त्या मांडणीने आधीचे कितीतरी कंटेनर विनातक्रार बंद झाले होते. त्या दिवशी मात्र उभ्या रांगेतलं दहावं पॅलेट दाराबाहेर सव्वासहा इंच डोकावत होतं. मी टेप काढला आणि पॅलेट मोजलं तेव्हा कारण कळलं. आमच्याकडे १२०० बाय १००० मिलिमीटरची पॅलेट संपली होती, म्हणून पुरवठादाराने ४८ बाय ४० इंची पाठवली होती. फोनवर तो म्हणाला, "ताई, दोन्ही एकच माप आहे, फक्त बोलण्याचा फरक."

दोन्ही एकच नाही. ४८ इंच म्हणजे १२१९ मिलिमीटर आणि ४० इंच म्हणजे १०१६. लांबीत १९ मिलिमीटर वाढले, रुंदीत १६. आपल्या सुतारांच्या भाषेत लांबीला सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, आणि रुंदीला पाच सूत. एका पॅलेटला हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. दहा एकामागे एक लावली की १२ हजार मिलिमीटरची रांग १२,१९० होते, आणि चाळीस फुटी कंटेनरची आतली लांबी आहे साधारण १२,०३२.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांचा माल अमेरिकेला जातो. इथे आपण मिलिमीटरमध्ये काम करतो आणि तिथलं गोदाम, रॅक, ट्रेलर, पॅलेट ट्रक सगळं इंचात बांधलेलं असतं. मेट्रिक पॅलेट त्या साखळीत चालतं, आमचं वर्षानुवर्षं चालतं आहे. पण प्रत्येक सांधा आधी मोजून घ्यावा लागतो. तो कसा मोजायचा, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी मापांची नावं नीट घ्या

पॅलेटच्या मापांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६७८० आहे. त्यात सहा मापं दिली आहेत: १२०० बाय १०००, १२०० बाय ८००, १२१९ बाय १०१६, ११४० बाय ११४०, ११०० बाय ११०० आणि १०६७ बाय १०६७. म्हणजे जगाने १२०० बाय १००० आणि ४८ बाय ४० ही दोन वेगळी मापं म्हणूनच मान्य केली आहेत. युरोपचं प्रसिद्ध पॅलेट १२०० बाय ८०० चं. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पाट्या मैलांत असल्या तरी तिथलं नेहमीचं पॅलेट १२०० बाय १००० आहे. त्यामुळे "इंग्रजी बोलणारा देश म्हणजे इंची पॅलेट" असं धरून चालू नका. हा लेख मुख्यतः अमेरिकेला जाणाऱ्या मालाबद्दल आहे.

दुसरी गोष्ट मापांच्या क्रमाची. अमेरिकेत ४८ बाय ४० लिहितात तेव्हा पहिला आकडा पॅलेटमधल्या तीन जाड दांड्यांची लांबी असते. या दांड्यांना तिथे स्ट्रिंगर म्हणतात. दुसरा आकडा वरच्या फळ्यांची लांबी. आपल्याकडे कुणी १२०० बाय १००० लिहितं, कुणी १००० बाय १२००, आणि त्यातून फळ्या कुठल्या दिशेला आहेत याचा काही बोध होत नाही. म्हणून खरेदीच्या कागदावर नुसतं माप लिहू नका. "खालच्या फळ्या १२०० च्या दिशेने, फोर्क १००० च्या बाजूने जाणार" असं वाक्य लिहा आणि सोबत हाताने काढलेलं चित्र जोडा. (फोर्क म्हणजे पॅलेट उचलणाऱ्या ट्रकचे पुढचे दोन दात.)

शेवटच्या रॅकपासून मागे या

बहुतेक लोक सुरुवात आपल्या पॅकिंग टेबलापासून करतात. मी उलटी करते. माल शेवटी जिथे ठेवला जाणार तिथली मापं आधी मागवायची, मग एकेक पायरी मागे येत महाप्याच्या आपल्या कारखान्यापर्यंत पोचायचं.

अमेरिकेतल्या साध्या रॅकची खोली बऱ्याच ठिकाणी ४२ इंच, म्हणजे १०६७ मिलिमीटर असते. पुढच्या आणि मागच्या बीमवर ४८ इंची पॅलेट ठेवलं की दोन्हीकडे तीन-तीन इंच बाहेर राहतं. तेवढं बाहेर राहणं गृहीतच धरलेलं असतं. आपलं १२०० चं पॅलेट त्याच रॅकवर ठेवलं तर दोन्हीकडे ६६ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंचापेक्षा थोडं जास्त बाहेर राहतं. हे चालतं, फक्त फोर्कलिफ्टवाल्याची चूक पोटात घालायला जागा थोडी कमी उरते.

धोका आहे तो पॅलेट फिरवून ठेवण्यात. १००० ची बाजू खोलीच्या दिशेने गेली तर पॅलेट १०६७ च्या दोन बीमांपर्यंत पोचतच नाही आणि मधून खाली जातं. तिथले कामगार आपली पॅलेट सवयीने ४८ ची बाजू खोलीत घालूनच ठेवतात. आपलं चारही बाजूंनी उचलता येणारं ठोकळ्यांचं पॅलेट मात्र ते कुठल्याही बाजूने उचलू शकतात, त्यामुळे चूक होण्याची शक्यता वाढते. यावर दोन उपाय करा. ग्राहकाला विचारा, रॅकवर जाळी टाकलेली आहे का? जाळी असेल तर पॅलेट खाली पडत नाही. आणि पॅलेटच्या दोन्ही १००० च्या बाजूंवर मोठ्या अक्षरात बाण छापा: फोर्क इथून घाला. आम्ही लाल स्टेन्सिल वापरतो. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं लेबल स्ट्रेच रॅपखाली दिसत नाही, म्हणून छापायचं ते लाकडावरच.

रुंदीला फारसं घाबरायचं कारण नाही. ९६ इंची बीमवर ४० इंची दोन पॅलेट बसतात, तिथे १००० ची दोन आणखी आरामात बसतात. युरो पॅलेटचा विचार करणाऱ्यांनी मात्र सांभाळा. ८०० ची तीन म्हणजे २४००, बीम २४३८. कागदावर बसतात, प्रत्यक्षात चार फटींसाठी मिळून ३८ मिलिमीटर उरतात. एवढ्यात कुणीही नीट ठेवू शकत नाही.

गोदामात कन्व्हेयर किंवा स्वयंचलित रॅक असेल तर माझं मत सरळ आहे: मेट्रिक पॅलेटचा हट्ट सोडा आणि इथूनच ४८ बाय ४० वर पाठवा. यंत्राला सवयीने सांभाळून घेता येत नाही. ग्राहक पॅलेटच्या बदल्यात पॅलेट देण्याच्या व्यवस्थेत असेल तरीही तेच. तिथे मेट्रिक पॅलेट कुणी परत घेत नाही, ते मोडून टाकायचा खर्च तुमच्या नावावर येतो.

फोर्क आत जाईल का

हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आणि सगळ्यात जास्त त्रास देणारा आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

अमेरिकेतला नेहमीचा हॅन्ड पॅलेट ट्रक (हाताने ओढायची उचलगाडी) २७ इंच रुंद असतो, म्हणजे दोन्ही फोर्कच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ६८५ मिलिमीटर. आपल्याकडे दोन्ही प्रकार मिळतात, ५५० च्या आसपासचा अरुंद आणि ६८५ चा रुंद. आता युरो पॅलेटची ८०० ची बाजू बघा: १०० चा ठोकळा, २२७.५ ची फट, मधे १४५ चा ठोकळा, पुन्हा २२७.५ आणि १००. बाहेरच्या दोन ठोकळ्यांच्या आतलं अंतर ६०० भरतं. त्यात ६८५ चा ट्रक शिरणं शक्यच नाही. इथे आपल्या अरुंद ट्रकने सहज हललेलं पॅलेट तिथे माल उतरवायच्या डॉकवर जागच्या जागी बसून राहतं.

१२०० बाय १००० मध्ये ही अडचण टाळता येते, पण आपोआप टळत नाही. १००० च्या बाजूला बाहेरचे ठोकळे १०० चे असतील तर आत ८०० उरतात, १४५ चे असतील तर ७१०. पहिल्यात ट्रक सहज जातो, दुसऱ्यात घासत जातो. म्हणून पुरवठादाराला लिहून द्या: बाहेरच्या ठोकळ्यांमधलं आतलं अंतर किमान ७६०. ठोकळे यापेक्षा जाड हवे असतील तर ते १२०० च्या दिशेने वाढवायचे, १००० च्या नाही.

उंचीही मोजा. युरो पॅलेटच्या फटीची उंची १०० मिलिमीटर असते. अमेरिकेतल्या दांड्यांच्या पॅलेटमध्ये ती साडेतीन इंच, म्हणजे ८९ च्या आसपास. आपले बरेच ट्रक पूर्ण खाली केल्यावर ८५ वर येतात. म्हणजे तुम्ही ४८ बाय ४० इथे बनवून घेतलीत तर तुमच्याच कारखान्यात ट्रक घासेल. पावसाळ्यात फुगलेली एखादी फळी किंवा खाली वाकलेला खिळा मिळाला की अडकेल. अशा पॅलेटसाठी ७५ पर्यंत खाली येणारा ट्रक घ्या. आणखी एक: त्या दांड्यांना बाजूने खाचा पाडलेल्या असतात, त्या फक्त फोर्कलिफ्टसाठी. हॅन्ड ट्रक तिथून जात नाही. आमच्या एका नव्या मुलाने दिवसभर प्रयत्न केला, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

राहिली फोर्कची लांबी. तिथले फोर्क ४८ इंची, म्हणजे १२१९ मिलिमीटर. १००० च्या बाजूने आत गेले की पॅलेटची खोली १२०० असते आणि टोकं जेमतेम १९ मिलिमीटर बाहेर येतात. पण १२०० च्या बाजूने गेले तर खोली १०००, आणि टोकं २१९ मिलिमीटर पलीकडे निघतात. मागे दुसरं पॅलेट चिकटून उभं असेल तर त्याच्या खालच्या खोक्यात भोक पडतं. "ट्रान्झिट डॅमेज" म्हणून येणाऱ्या फोटोंतली गोल भोकं बऱ्याचदा अशीच पडलेली असतात, समुद्राचा त्यात काही दोष नसतो. ट्रकच्या फोर्कवर १००० मिलिमीटरवर पिवळी पट्टी रंगवायला सांगा. ग्राहक हे आनंदाने करतो, कारण त्याचाही माल वाचतो.

खोकी: इथे पाऊण इंच खरंच दुखतं

मेट्रिक पॅकिंगचा पाया ६०० बाय ४०० आहे. १२०० बाय १००० वर अशी पाच खोकी एका थरात अचूक बसतात. अमेरिकेतलं त्याचं भावंड २४ बाय १६ इंच, म्हणजे ६१० बाय ४०६. तीही ४८ बाय ४० वर पाच बसतात.

दोन्ही कुटुंबं एकत्र आली की गडबड सुरू होते. ग्राहकाने आपल्या मापाची २४ बाय १६ ची खोकी सांगितली आणि तुम्ही ती १२०० बाय १००० वर रचली, तर लांबीला १९ आणि रुंदीला १६ मिलिमीटर बाहेर लटकतं. एका बाजूला जेमतेम साडेनऊ मिलिमीटर. कुणी म्हणेल, एवढ्याने काय होतं? पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद मुख्यतः त्याच्या चार उभ्या कोपऱ्यांत असते. कोपरा फळीच्या बाहेर गेला की त्याच्याखाली आधार उरत नाही आणि वरच्या थरांचं ओझं मऊ मधल्या भागावर येतं. त्यात आपल्याकडच्या दमट हवेने पुठ्ठा आधीच ओलसर झालेला असतो. महिन्याभराच्या समुद्रप्रवासानंतर सगळ्यात खालचा थर फुगलेला दिसतो तो त्यामुळे.

उलट बाजू निर्धोक आहे. ६०० बाय ४०० ची खोकी ४८ बाय ४० वर रचली की चारही बाजूंना आठ-नऊ मिलिमीटर फळी उघडी राहते. काही बिघडत नाही. खोकी मधोमध घट्ट रचा, मधे फट ठेवू नका, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे अँगल लावा आणि स्ट्रेच रॅपचे पहिले वेढे पॅलेटच्या लाकडासकट घ्या, नाहीतर अख्खा ढीग पॅलेटवर सरकतो.

आम्ही हे सगळं एका नियमात बसवलं आहे. पॅलेट कुठलंही असो, मालाचा तळ रॅपसकट ११९० बाय ९९० च्या आतच हवा. आमच्या पॅकिंग विभागात जमिनीवर याच मापाची चौकट रंगवली आहे. ढीग त्या चौकटीबाहेर गेला तर तो पुन्हा रचायचा, कितीही घाई असली तरी.

तुर्भे-पावण्याच्या रसायन कारखान्यांसाठी वेगळी सूचना. २१० लिटरच्या ड्रमचा व्यास सहाशेच्या किंचित आतबाहेर, त्यामुळे चार ड्रमना जवळजवळ चौरस जागा लागते आणि १२०० बाय १००० वर ते एका दिशेने लटकतात. अमेरिकन ग्राहक ४८ बाय ४८ मागतो. पण अशी दोन पॅलेट शेजारी ठेवली की २४३८ होतात आणि कंटेनरची आतली रुंदी साधारण २३५२ आहे. ती बसत नाहीत. ११४० बाय ११४० ची दोन २२८० मध्ये बसतात, म्हणून रसायनांत ते माप रुळलं आहे. तुमच्या ड्रमचा बाहेरचा व्यास प्रत्यक्ष मोजा आणि ग्राहकाला ११४० साठी आधीच राजी करा.

पॅलेट बनवून घेताना

भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली, तरी लाकडाच्या वखारीत आजही सूत आणि इंचच बोलतात. त्यात कमीपणा काही नाही, ती नेमकी भाषा आहे. म्हणून मी दोन्हींत लिहून देते: १२०० मिलिमीटर, म्हणजे ४८ इंचाला सहा सूत कमी. १००० मिलिमीटर, म्हणजे ४० इंचाला पाच सूत कमी. असं लिहिल्यापासून चुकीच्या मापाचं पॅलेट आमच्याकडे आलेलं नाही.

गाडी उतरवताना प्रत्येक बाजू मोजत बसायची गरज नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजा. १२०० बाय १००० चा कर्ण १५६२ भरतो, ४८ बाय ४० चा १५८७. एकाच मापात पूर्ण एक इंचाचा फरक कळतो, आणि दोन्ही कर्ण सारखे आले तर पॅलेट काटकोनात आहे हेही कळतं.

लाकडी पॅलेटला आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवाच. लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सिअस किमान ३० मिनिटं राहिलं पाहिजे. शिक्क्यात कणसाचं चिन्ह, देशासाठी आयएन, उत्पादकाचा क्रमांक आणि एचटी (हीट ट्रीटमेंट) ही अक्षरं असतात. समोरासमोरच्या दोन बाजूंवर तो स्पष्ट वाचता यायला हवा. आमच्यासारखं स्टेन्सिल मारणार असाल तर ते या शिक्क्यावर येऊ देऊ नका. शिक्का नसलेलं एक लाकूड सापडलं तरी अमेरिकन कस्टम्स माल परत पाठवू शकतं. दुरुस्त करताना लावलेली एखादी बिनशिक्क्याची फळीही त्यात आली, आणि कंटेनरमध्ये अडकण म्हणून ठोकलेले लाकडाचे तुकडेही. प्लायवूड आणि प्लास्टिकला हा नियम लागू नाही.

कंटेनर भरताना

आता सुरुवातीच्या त्या एकविसाव्या पॅलेटकडे परत येते. ४८ बाय ४० ची एकवीस पॅलेट चाळीस फुटात बसतात, फक्त मांडणी बदलावी लागते. डाव्या रांगेत आधी तीन उभी, मग आठ आडवी: तीन वेळा १२१९ आणि आठ वेळा १०१६, एकूण ११,७८५. उजव्या रांगेत आधी तीन आडवी, मग सात उभी: ११,५८१. आडव्या पॅलेटसमोर सगळीकडे उभंच येतं, म्हणून रुंदी कुठेही २२३५ च्या वर जात नाही. दाराशी जवळपास २४७ मिलिमीटर उरतात.

हीच मांडणी १२०० बाय १००० ला लावली तर ११,६०० आणि ११,४०० होतात, म्हणजे ४३२ मिलिमीटर मोकळे. आमची जुनी मांडणी मेट्रिक पॅलेटलाही जेमतेम ३२ मिलिमीटर सोडत होती. इतकी वर्षं ती निभावली, कारण आमची खोकी फळीच्या आत असायची. ते त्या दिवशी सीएफएसमधल्या मुकादमाने खडूने जमिनीवर चित्र काढून मला समजावलं. भर पावसात त्याच्या माणसांनी वीस पॅलेट बाहेर काढून पुन्हा लावली. तेव्हापासून प्रत्येक कंटेनरसोबत मांडणीचं चित्र पाठवते, मापं मिलिमीटरमध्ये आणि पहिलं पॅलेट कुठल्या कोपऱ्यात ते दाखवून.

पॅलेटमधल्या मोकळ्या जागा हवेच्या पिशव्यांनी भरा. दोन प्रकारची पॅलेट एकाच कंटेनरमध्ये मिसळू नका. नाइलाज असेल तर हिशोब सगळी मोठी धरूनच करा.

तिथे पोचल्यावर माल कंटेनरमधून ५३ फुटी ट्रेलरमध्ये हलवणार असतील, तर पॅलेट सरळ लावून २६ आणि आडवी लावून ३० बसतात. मेट्रिक पॅलेटलाही हेच आकडे धरा. वजन मात्र आधी आडवं येतं. तिथल्या महामार्गावर गाडीसकट एकूण मर्यादा सर्वसाधारणपणे ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६,२८७ किलो.

कागदावर

प्रत्येक पॅलेटची लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये लिहा आणि शेजारी इंच द्या. इंच करताना २५.४ ने भागा आणि वरच्या पाव इंचाला नेऊन ठेवा. खाली कधीच आणू नका. १२०० ला "४८" लिहिण्याचा मोह होतो, तिथे ४७.२५ लिहा. तुम्ही ४८ लिहिलंत की पुढचा प्रत्येक माणूस त्याला ४८ चंच पॅलेट समजणार.

वजन किलोत लिहून पौंडात द्या, एक किलो म्हणजे २.२०४६ पौंड. "टन" हा शब्द पूर्ण टाळा. त्यांचा टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा आहे. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन जहाजावर चढण्याआधी देणं बंधनकारक आहे. त्यात पॅलेटचं वजनही धरायचं असतं, आणि पावसात भिजलेलं लाकूड कोरड्यापेक्षा जड भरतं. म्हणून पॅलेटचं वजन कागदावरून घेऊ नका, त्या दिवशीच्या ढिगातली दोन-तीन काट्यावर ठेवून घ्या.

नवा ग्राहक असेल तर पहिल्या कंटेनरआधी एक भरलेलं पॅलेट नमुना म्हणून पाठवा. ते त्याच्या डॉकवर उतरवून, त्याच्याच ट्रकने उचलून, रॅकवर ठेवून त्याचे तीन फोटो मागा: फोर्क आत गेलेले, पॅलेट बीमवर बसलेलं बाजूने, आणि मागच्या बीमवर किती बाहेर आलं ते. आमच्या वखारीत आता १२०० बाय १००० च्या कोपऱ्यांना निळा रंग आहे आणि ४८ बाय ४० च्या कोपऱ्यांना पिवळा. दोन रंगांचे ढीग वेगवेगळ्या भिंतींना लागलेले असतात.